मोकळीक मुलांना, हिशेब मोठ्यांना

सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीची इमारत आहे. राज्यातल्या लाखो दप्तरांतली पुस्तकं १९६७ पासून तयार करणारी संस्था ती हीच. त्याच रस्त्यावर १९९२ पासून अक्षरनंदन ही मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा भरते. राज्य मंडळाचं मुख्यालय शिवाजीनगरला, शिक्षकांना प्रशिक्षण देणारी राज्य परिषद सदाशिव पेठेत. म्हणजे अभ्यासक्रम ठरवणारे, पुस्तकं छापणारे, परीक्षा घेणारे आणि या सगळ्यांवर नाराज असलेले, असे सगळेच पुण्यात रिक्षाच्या एका भाड्याच्या अंतरात आहेत. साहजिकच पर्यायी शिक्षणावर इथे बोलणं भरपूर होतं. ते फिरतं मात्र एकाच प्रश्नाभोवती: मुलाला किती मोकळं सोडायचं? परीक्षा हवी की नको, गृहपाठ हवा की नको, तासाची घंटा हवी की नको.

यातला प्रत्येक ‘नको’ म्हटला की मोठ्यांचं एकेक काम वाढतं, आणि त्याची चर्चा होत नाही. परीक्षा काढली तर मुलाला काय येतं हे रोज बघावं लागतं. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं तर पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं हे स्वतः ठरवावं लागतं. प्रयोगशील शाळा किंवा घरशाळा फसते ती बहुधा इथे. मुलं मोकळी सुटतात आणि त्यांच्याबरोबर मोठेही सुटतात.

‘पर्यायी’ हा शब्द नवा, भांडण जुनं आहे. १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला पुण्यातून दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं म्हटलं. मोडी आणि बाळबोध, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची ओळख असा अभ्यासक्रम मांडला. शिक्षक कसा हवा? वेळ आली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला न लाजणारा. १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, पुढे सहकारी अनुताई वाघांबरोबर जवळच्या आदिवासी भागात, कोसबाडला. तिथली मुलं गुरांमागे जात, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणात नेली. आपल्याकडचा पर्याय जन्मला तो शाळा ज्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती त्यांच्यासाठी. आज पुण्यात हाच शब्द उच्चारला की झाडी, मातीच्या भिंती आणि न विचारलेलाच बरा असा फीचा आकडा डोळ्यांपुढे येतो.

ते राहू दे. शिकण्याकडे येऊ.

सगळ्यात महाग पडणारी समजूत वाचनाबद्दलची आहे. मूल तयार झालं की आपोआप वाचायला लागेल, घाई करू नका, असं सांगितलं जातं. हा सल्ला बहुधा इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठीचा. इंग्रजीत स्पेलिंग एक, उच्चार दुसरा, त्यामुळे तिथे वाट बघण्याला काही अर्थ तरी असेल. देवनागरीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ एकास एक चालतात. इथे नीट शिकवलं तर मूल काही महिन्यांत वाचतं. आपोआप वाचणारी मुलंही असतात, पण ती बहुधा ज्या घरात रोज वर्तमानपत्र उघडतं, झोपताना कोणी तरी गोष्ट वाचून दाखवतं अशा घरांतली. त्यांच्या बाबतीत ‘आपोआप’च्या मागे चार-पाच वर्षांचं काम असतं, ते फक्त दिसत नाही. ज्या घरात छापलेला कागद म्हणजे विजेचं बिल, तिथलं मूल वाट बघत बसलं तर चौथीतही बसलेलंच राहतं.

क-ख-ग-घ या क्रमानं मुळाक्षरं घोकली तर पहिला अर्थपूर्ण शब्द हाती लागायलाच फार वेळ जातो. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी केलेल्या कामातून अक्षरगटांची वाट अनेक शिक्षकांना कळली. अक्षरं थोडी थोडी गटानं घ्यायची, सोबत लगेच स्वरचिन्ह घ्यायचं, आणि पहिल्या आठवड्यापासून शब्द वाचायचे. पहिल्या गटात क, म, न, ल, र आणि काना एवढंच घेऊन बघा. कान, नाक, लाल, माल, रान, मका, नाला, कमान हे शब्द तयार. ‘काका, काम करा’ असं पूर्ण वाक्यही होतं, तेही आदरार्थी. रोज वीस-पंचवीस मिनिटं, साधारण दोन आठवडे. मग पूर्वी न दाखवलेले दहा शब्द समोर ठेवायचे. आठ वाचले तर पुढचा गट, नाही तर त्याच गटातले नवे शब्द.

चुकतं कुठे? पहिली चूक तक्त्याची. ‘ग गणपतीचा, व वजनाचा, त तलवारीचा’ हे घोकलेल्या मुलापुढे ‘गवत’ लिहिलं की ते गणपती, वजन आणि तलवार एका ओळीत उभे करतं आणि थांबतं. चित्र झाका, कार्डं उलटसुलट पसरा, मगच अक्षर येतं की नाही ते कळेल. दुसरी चूक वेलांटीची. ‘दिवा’मध्ये ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर. मूल इथे अडखळणारच. दीर्घ वेलांटी आधी घेतली तर हा गोंधळ टळतो, कारण ती लिहितानाही व्यंजनाच्या नंतरच येते. तिसरी, घ आणि ध किंवा भ आणि म एकाच आठवड्यात घेणं. ‘सारखी दिसतात, फरक समजेल’ असं मोठ्यांना वाटतं. मुलाला फक्त सारखेपणा समजतो. या जोड्यांमध्ये महिन्याभराचं अंतर असू द्यावं. आणि मूल क… म… ल… असं सुटं म्हणतं पण शब्द ऐकू येत नसेल, तर दोष डोळ्यांचा नाही, कानाचा सराव कमी पडलाय. पुस्तक मिटून भेंड्या खेळाव्यात, शब्दातलं शेवटचं अक्षर ओळखायला लावावं.

बोलीचं काय, हा प्रश्न पुण्यात जरा जपूनच विचारला जातो. मूल ‘पानी व्हतं’ म्हणत असेल तर आधी तेच लिहावं आणि वाचून घ्यावं. शेजारी ‘पाणी होतं’ लिहावं. आपण बोललेलं कागदावर उतरतं हे एकदा मुलाला कळलं की पुढचं काम सोपं. पहिल्याच वाक्याला लाल शाई लावली की ते मूल पुढे बोलतच नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं दुप्पट अवघड.

थांबायचं कुठपर्यंत याचीही रेघ हवी. आठवं वर्ष पूर्ण होईपर्यंत साधा परिच्छेद वाचता आला नाही, तर ‘कलानं घेणं’ थांबवून कारण शोधायला लागावं. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात वापरते ती चाचणी पाच मिनिटांत होते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ती घरीही घेता येते. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित शिकण्यातलीच अडचण, निघाली तर राज्य मंडळ दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं, पण त्याला तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. धीर धरण्यात पाचवी-सहावी उजाडली, तर तोवर मुलानं स्वतःला मठ्ठ ठरवून टाकलेलं असतं. ते पुसायला सवलत उपयोगी पडत नाही.

गणिताकडे जाताना २०१९ चा जून आठवावा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर विनोदाला ऊत आला. विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत राहिल्या. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलाची वही उघडून बघितली होती? ‘एकोणतीस’ ऐकलं की मुलाला ‘तीस’ ऐकू येतं, ते ३९ लिहितं. ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी कानावर पडतात, ते ५४ लिहितं. मराठी संख्यानामं सुंदर आहेत, पण ती एकक आधी सांगतात आणि लिहिताना दशक आधी येतो. नवी पद्धत बरी की वाईट यावर मतभेद असू शकतात. आमचं मत असं की जुनी नावं टिकवावीत, पण अडचण खरी आहे हे मान्य करून.

त्यावरचा उपाय जुन्या खराट्यात आहे. खराट्याचे हीर बोटभर लांबीचे कापून शंभर काड्या करायच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधायचे. एकोणतीस म्हणजे काय? तीन गठ्ठे घे, त्यातून एक काडी काढ. काडी काढायला तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर सोडावंच लागतं. उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, आणि तरीही लिहायचं २९, हे मुलाच्या बोटांना कळतं. वजाबाकीतला हातचाही तोच: गठ्ठा सोडणे. बिघडतं ते घाईमुळे. दोन दिवस काड्या, तिसऱ्या दिवशी फळ्यावर काड्यांचं चित्र, चौथ्या दिवशी नुसते अंक. मग मूल ‘हातचा एक’ म्हणतं आणि तो एक म्हणजे दहा आहेत हे त्याला ठाऊक नसतं. मूल स्वतःहून ‘काड्या नकोत, मला तोंडी येतंय’ म्हणेपर्यंत काड्या काढून घेऊ नयेत. पहिलीत यात दोन-तीन महिने गेले तरी हरकत नाही.

आता नोंदींचं. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनं आली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प वगैरे. कल्पना उत्तम होती. तिचं काय झालं हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या आणि मोबाइलवरून फिरल्या. ‘समजपूर्वक वाचन करतो’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’. चाळीस मुलांच्या नोंदी एका रात्रीत उतरवून होतात, आणि मूल कोणतंही असलं तरी नोंद चपखल बसते. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाचंही, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं या विचाराचंही, तसंच झालं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे शाळांच्या त्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परत आल्यावर सगळ्यात आधी अनेक ठिकाणी काय झालं? वर्गाची फरशी ऑइलपेंटनं रंगली. गोल, चौकोन, अक्षरांची कमळं. फरशी रंगवायला एक सुट्टी पुरते. त्या फरशीवर बसलेलं मूल काय करतंय हे बघायला वर्ष लागतं, आणि त्याचा फोटो निघत नाही.

कामाची नोंद थोडक्यात होते. एक दोनशेपानी वही, प्रत्येक मुलाला चार-पाच पानं. रोज पाच मुलं, प्रत्येकी दोन ओळी. चाळीसचा वर्ग आठ दिवसांत पूर्ण होतो, रोजची पंधरा मिनिटं जातात. नियम एकच: विशेषण लिहायचं नाही, मुलानं काय केलं ते लिहायचं. ‘गणितात कच्ची’ या नोंदीचा उपयोग शून्य. ‘४३ वजा १८ साठी एक गठ्ठा सोडला, दहातून आठ काढले, आधीचे तीन मिळवायचे विसरली, उत्तर २२’ ही नोंद वाचली की उद्या काय घ्यायचं ते कळतं. याशिवाय महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांचं लेखन, विषय तोच तो ठेवला तरी चालेल: ‘आज शाळेत येताना मी काय बघितलं’. त्यावर तारीख घालायची, दुरुस्ती करायची नाही, फाइलला लावायचं. जूनचा कागद आणि जानेवारीचा कागद शेजारी ठेवले की प्रगतिपुस्तकाची गरज उरत नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांना तर हे अधिकच लागू. एकच मूल असतं, सगळं लक्षात राहील असं वाटतं, आणि मार्चमध्ये नोव्हेंबरातलं काही आठवत नाही.

प्रकल्पांचं म्हणाल तर पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात ते चित्रांसकट विकत मिळतात. त्यावर वेगळं लिहायला नको. प्रकल्प खरा की खोटा हे ओळखायची एक खूण आहे: झालेली वस्तू कोणी वापरणार आहे का, आणि नापास करणारा माणूस शिक्षकाव्यतिरिक्त दुसरा कोणी आहे का? पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून जे बसवलं ते यावरच उभं आहे. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य यांत प्रत्यक्ष काम करतात. बाक केला तर तो डुगडुगता कामा नये, कारण त्यावर कोणी तरी बसणार आहे. साहित्याचा आणि मजुरीचा हिशेब मांडून त्याची किंमत काढायची. टक्केवारी, कोन, भाषा, सगळं त्यात येतं. लहान मुलांसाठी इतकंही लागत नाही. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची जोडणी घ्या. त्रिकोण हलत नाही, चौकोन दबतो. मग मुलांना जवळच्या पत्र्याच्या शेडखाली उभं करा आणि वरचं छत पेलणाऱ्या कैच्यांमधले त्रिकोण मोजायला लावा. जोडणीचा खर्च दोन कप चहापेक्षा कमी.

घरशाळेबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात, आणि दोन्हीकडे कायदा वाचलेला नसतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला मात्र सांगतो: एक लाखापर्यंत दंड, आणि पुढे सुरूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. म्हणजे स्वतःच्या मुलाला घरी शिकवणं वेगळं, आणि चार-पाच कुटुंबांनी फ्लॅट भाड्यानं घेऊन, ताई नेमून, फी गोळा करून ‘शिक्षणकेंद्र’ काढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पाटी लावण्याआधी वकिलाला भेटावं. घरी शिकलेल्या मुलाला शाळेत परतायचं असेल तर कायद्याचं कलम ४ उपयोगी पडतं. मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण, हा त्याचा हक्क आहे. पहिलीत बसवू म्हणणाऱ्या शाळेला हे कलम दाखवावं.

दहावीची दारं दोन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी. दुसरं दार राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून तीच एसएससी. पहिल्या दारात विषय निवडायची मुभा आहे, आणि फसगत तिथेच होते. चौदाव्या वर्षी गणित नावडतं म्हणून सोडलं, सोळाव्या वर्षी मुलीला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करावासा वाटला, तर दार बंद असू शकतं. गणित आणि विज्ञान दहावीपर्यंत ठेवावेत. सोडायचेच असतील तर कोणते रस्ते बंद होतात ते मुलीला बसवून, कागदावर लिहून दाखवावं. १७ नंबरची मुदत वर्षातून एकदाच येते आणि जुन्या शाळेचा दाखला आयत्या वेळी सापडत नाही. म्हणून शाळा सोडताना दाखला घेऊन ठेवावा, भांडून शाळा सोडली असली तरीही.

घरशाळेत मुलं एकलकोंडी होतात, ही तक्रार पुण्यात फारशी टिकत नाही. मैदानं, टेकड्या, वाचनालयं, नाटकाचे वर्ग, मुलं भेटतातच. न बोललं जाणारं दुसरंच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन-तीन तासांचा नेटका अभ्यास पुरतो, पण तो घेणारं माणूस दिवसभर घरात लागतं. ते माणूस बहुतेक घरांत आई असते. घरशाळेचा खर्च मांडताना तिचा पगार, तिची बढती आणि तिची चिडचिड या तिन्ही रकमा लिहाव्यात. बाबांनी आठवड्यातले निदान दोन दिवस भाषा किंवा गणित, म्हणजे ‘बाहेर फिरवून आणणं’ नव्हे, पूर्णपणे अंगावर घेतलं नाही तर दुसऱ्या वर्षी घरशाळा बंद पडते, किंवा चालू राहते आणि घर बंद पडतं.

प्रयोगशील शाळांच्या बाबतीत अवघड प्रश्न शिक्षकांच्या पगाराचा. निष्ठेवर पहिली पाच वर्षं निघतात. वर सांगितलेलं वाचन, काड्या, वही हे सगळं हाताला बसायला शिक्षकाला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तेवढ्यात तो किंवा ती जास्त पगाराच्या शाळेत जाते. मग दरवर्षी नवी ताई, नवा उत्साह, आणि मुलांच्या हाती पुन्हा रंगीत कागद. भिंती कशाच्या आहेत यापेक्षा तिसरीची ताई इथे किती वर्षं आहे हे विचारलेलं बरं.

हे सगळं खास शाळेतच जमतं, हा गैरसमज पर्यायी शाळांनाही सोयीचा आणि साध्या शाळांनाही. कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. आठ दिवसांत चाळीस मुलं बसणारी वही तिथे सहा दिवसांत बसते. खराटा महापालिकेच्या शाळेतही असतो. तिथल्या शिक्षकाकडे नसतो तो वेळ: निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोज नवी माहिती मागणारं पोर्टल. पर्यायी शिक्षणाच्या चळवळीनं आपला थोडा आवाज फीवाल्या पालकांकडून काढून इकडे खर्च केला, रोज पंधरा मिनिटं या शिक्षकाला मोकळी मिळवून दिली, तर कोसबाडशी सांगितलेलं नातं खरं ठरेल.

डिसेंबर-जानेवारीत शाळा बघायला निघाल तेव्हा माहितीपत्रक घेऊ नका. तिसरीतल्या कोणत्याही एका मुलाचे, नाव झाकून, जूनचा आणि नोव्हेंबरचा असे दोन न तपासलेले कागद मागा. ते पाच मिनिटांत हातात आले, तर बसा आणि चहा घ्या. ‘आम्ही मुलांची तुलना करत नाही’ असं उत्तर आलं, तर तुलना मुलांची नाही, त्याच मुलाच्या दोन महिन्यांची आहे, एवढं सांगून पुन्हा एकदा मागून बघा.